सव्विसावी चूक

१

मंगळवारी सकाळी पावणेनऊ वाजता औषधांच्या दुकानाचं अर्धवट उघडलेलं शटर आत चेपलं आणि त्याच्यापुढच्या लाकडी बाकाचे दोन तुकडे झाले. मिनिटभर आधी त्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ खोकल्याच्या औषधाची वाट पाहत बसले होते. बाटली मिळाली म्हणून उठले, आणि उठले म्हणून वाचले.

औषधवाला मागच्या खोलीतून धावत बाहेर आला तेव्हा एक राखाडी गाडी दुकानात नाक खुपसून उभी होती. ड्रायव्हरच्या दाराशी एक उंच, वाळका म्हातारा उभा होता. त्याचा उजवा हात थरथरत होता.

"ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला गेला," तो म्हणाला. "चूक माझी. तसं लिहून घ्या."

बाजूच्या पायरीवर त्याची बायको मांडीवर पर्स घेऊन बसली होती आणि बाकाच्या तुकड्यांकडे टक लावून बघत होती.

म्हाताऱ्याला सगळे आबा म्हणत. छत्तीस वर्षं त्यांनी प्रवासी बस चालवली होती आणि त्या छत्तीस वर्षांत बसला एक ओरखडा आला नव्हता. चार वर्षांपूर्वी कंपवात झाला. गोळ्या सुरू होत्या, डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली नव्हती. आता मात्र परवाना कार्यालयाने कागद धाडला: आजारी माणूस, वय शहात्तर, अपघात केला आहे. गाडी चालवायला हा योग्य आहे का, ते तपासून कळवा.

तो कागद मॅडमच्या टेबलावर आला.

२

मॅडम ऑक्युपेशनल थेरपिस्ट होत्या. आजारातून उठलेल्या माणसाला रोजची कामं पुन्हा जमतील का, हे बघणं त्यांचं काम. हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला त्यांचं केंद्र होतं, दोन खोल्यांचं. एका खोलीत डोळ्यांचा तक्ता आणि पेडल लावलेली एक खुर्ची. समोरचा दिवा लाल झाला की ब्रेक दाबायचा, घड्याळ वेळ मोजतं. दुसऱ्या खोलीत टेबल, कागद, पेन्सिली. आणि बाहेर पांढरी गाडी, जिला डाव्या बाजूलाही एक ब्रेक होता.

त्या डाव्या ब्रेकचे मालक म्हणजे मास्तर. बावीस वर्षं त्यांनी पोरासोरांना गाडी शिकवली, आणि गेली सहा वर्षं ते इथे म्हाताऱ्यांच्या शेजारी बसत होते. बायको गेल्याला दीड वर्ष झालं होतं. तेव्हापासून मास्तर कामावर अर्धा तास आधी यायचे आणि सगळ्यांत शेवटी जायचे. त्यावर कोणी काही बोलत नसे. मॅडम तर नाहीच.

परीक्षेच्या दिवशी आबा साडेआठलाच हजर होते. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट.

"इतक्या लवकरची वेळ कोणी दिली तुम्हाला?" मास्तरांनी विचारलं.

"मीच मागून घेतली," आबा म्हणाले.

खोलीतल्या चाचण्या ठीकठाक झाल्या. हात मंद होता, पाय चांगला होता, नजर लख्ख होती. मग गाडी रस्त्यावर निघाली. आबा चाकावर, मास्तर शेजारी, मॅडम मागे. मॅडमच्या पेन्सिलीला दोरी होती आणि दोरी गळ्यात. रस्त्यावर असताना त्या "डावीकडे घ्या", "उजवीकडे घ्या" यापलीकडे चकार शब्द काढत नसत.

आणि आबांनी गाडी भयंकर चालवली. थांबायच्या रेषेच्या हातभर पुढे गाडी नेली. सिग्नल न देता वळले. हिरवा दिवा लागून गेला तरी ढिम्म बसून राहिले. एकदा चाक फुटपाथला घासलं, एकदा दोन पट्ट्यांच्या मधोमध गाडी नेली. पेन्सिल मागे सरसर चालली होती. मास्तरांना वाईट वाटत होतं. छत्तीस वर्षांचा हात असा मातीत जाताना बघवत नव्हतं.

चाळीस मिनिटांनी गाडी केंद्राच्या आवारात आली.

"झालं, आबा. परीक्षा संपली," मॅडम म्हणाल्या. "लावा कुठेतरी."

आबांनी मान वळवली, गाडी उलटी घेतली आणि रुग्णवाहिका आणि खांब यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत एका दमात बसवली, तोंड रस्त्याकडे करून. मग हँडब्रेक ओढला आणि आरशात बघून विचारलं, "नापास ना?"

मास्तरांनी अनेकांच्या तोंडून हा प्रश्न ऐकला होता. पण इतक्या आशेने विचारलेला पहिल्यांदाच ऐकत होते.

३

आबा रिक्षाने घरी गेले. मॅडमनी कागद टेबलावर पसरले.

"सव्वीस चुका," त्या म्हणाल्या. "मास्तर, तुम्ही ब्रेक कितीदा दाबलात?"

मास्तर विचारात पडले. "एकदाही नाही."

"पाय किती वेळा उचललात?"

मास्तर बूट बघायला लागले, जणू काही उत्तर तिथे लिहिलेलं असावं. त्यांचा पाय स्वतःच्या अकलेने चालायचा. धोका दिसला की डोक्याला कळायच्या आत तो ब्रेकवर असायचा. मागच्या आठवड्यात एका गृहस्थांनी फक्त नऊ चुका केल्या होत्या, पण मास्तरांची पोटरी संध्याकाळपर्यंत दुखत होती.

"नाही हो," ते म्हणाले. "हललाच नाही."

"सव्वीस चुका, आणि तुमचा पाय झोपलेला," मॅडम म्हणाल्या. "आता हे बघा." त्यांनी प्रत्येक चुकीपुढे काढलेली बारीक खूण दाखवली. "ही खूण म्हणजे आरसा. सिग्नल न देता वळले, पण त्याआधी तिन्ही आरसे बघितले. मागे कोणी नव्हतं. रेषेपुढे गेले, पण पायी रस्ता ओलांडणारं कोणी नव्हतं. हिरव्या दिव्याला बसून राहिले, तेव्हा मागे एकही गाडी नव्हती. जिथे माणसं होती तिथे एकसुद्धा चूक नाही. शाळेच्या फाटकापाशी तर लोण्यातून सुरी फिरावी तशी गाडी गेली."

"म्हणजे?"

"आजार वेळ बघून चुका करत नाही, मास्तर. कंपवाताच्या माणसाचा हात उशिरा उठतो, पाय उशिरा पोचतो, आणि तो रिकाम्या रस्त्यावर जितका उशिरा पोचतो तितकाच गर्दीतही. हे गृहस्थ आधी रस्ता रिकामा आहे का बघतात आणि मग चुकतात. वाईट चालवायला यांनी जेवढी हुशारी लावली, तेवढी चांगलं चालवायला लागत नाही."

मास्तरांनी मनातल्या मनात आबांना सलाम ठोकला. मग त्यांच्या लक्षात आलं की ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

"स्वतःहून नापास कशाला व्हायचं?"

"तेच," मॅडम म्हणाल्या. "शुक्रवारी अहवाल द्यायचाय. मी 'अयोग्य' लिहिलं तर एका चांगल्या ड्रायव्हरचा परवाना जाईल आणि छत्तीस वर्षांवर काट बसेल. त्यांची बायको आठवड्यातून दोनदा याच हॉस्पिटलात येते, स्मरणाच्या तपासणीला. तिला आणतात तेच. आणि 'योग्य' लिहिलं, तर दुकानात गाडी घुसली कशी, याला उत्तर उरत नाही."

"पाय घसरला असेल एखादवेळी."

"असेल," मॅडम म्हणाल्या. "पण कुणाचा?"

४

दुसऱ्या दिवशी आबांचा जावई जुने वैद्यकीय कागद घेऊन आला. गोल चेहऱ्याचा, घाईतला माणूस. खुर्चीवर टेकायच्या आतच म्हणाला, "निकाल कधी मॅडम? म्हणजे गाडीचे कागद माझ्या नावावर करायचे आहेत, तर तेवढ्यासाठी."

मास्तरांच्या भुवया वर गेल्या. घ्या, सापडला! सासऱ्याला नापास करून गाडी ढापणारा जावई. मास्तरांना तो पहिल्या नजरेतच आवडला नव्हता.

"अपघाताच्या सकाळी तुम्ही कुठे होतात?" मॅडमनी सहज विचारलं.

"मी? ऑफिसात. दीड तासाच्या अंतरावर. अंगठ्याची हजेरी आहे आमच्याकडे, खोटी लागत नाही. प्रयत्न करून पाहिलाय." तो स्वतःच हसला. "का हो?"

"गाडी तुम्ही मागितलीत?"

"छे! माझी हिंमत आहे का आबांकडे गाडी मागायची? अपघाताच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यांचाच फोन. म्हणाले, आजच्या आज ये आणि गाडी घेऊन जा. मी म्हटलं, अहो आता कदाचित परीक्षा घेतील, ती तरी होऊ द्या, पास झालात तर? तर माझ्यावरच खेकसले. म्हणाले, मी पास होणार नाही."

मॅडमची पेन्सिल थांबली. "परीक्षेची तारीख तेव्हा ठरली होती?"

"कागदसुद्धा आला नव्हता."

मास्तरांना जावई हळूहळू आवडायला लागला.

"आणखी काही अट घातली का गाडी देताना?"

"एकच. गाडी कायम उलटी लावायची, तोंड रस्त्याकडे. डेपोची सवय. अहो, आमचं बाळ झालं तेव्हा आबा हॉस्पिटलात आले आणि जागा सोयीची नव्हती, तर दहा मिनिटं गाडी उलटी लावत बसले. मग वर आले आणि विचारतात, मुलगा की मुलगी!" तो उठला, मग दारात घुटमळला. "मॅडम, एक विचारू? सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत आबांचा हात चहाचा कपसुद्धा नीट धरत नाही. गोळी लागू पडायला वेळ लागतो. त्या आधी ते गाडीला हात लावत नाहीत, स्वतःचाच नियम आहे त्यांचा. मग त्या दिवशी पावणेनऊला ते चाकावर बसलेच कसे?"

तो गेल्यावर मॅडमनी त्याचा शेवटचा प्रश्न कागदावर लिहून घेतला. मग त्यांनी पर्स उचलली.

"चला मास्तर. खोकल्याचं औषध घ्यायचंय."

"कुणाला खोकला झाला?"

"कुणालाच नाही."

५

औषधवाल्याने नवं बाक ठेवलं होतं, आबांनीच आणून दिलेलं. त्याच्या मनात राग नव्हता. उलट आबांविषयी बोलताना त्याचा आवाज उतरला.

"माणूस सोन्यासारखा. दोघं इथे वर्षानुवर्षं येतात. त्या दिवशी मी मागे गोळ्या मोजत होतो. आवाज झाला, बाहेर आलो, तर हे दाराशी उभे आणि बाई पायरीवर."

"म्हणजे गाडी चालवताना तुम्ही पाहिलं नाहीत."

"नाही. पण ते स्वतःच म्हणाले ना."

"गाडी कशी होती? तोंड आत की बाहेर?"

"आत. म्हणून तर शटर गेलं. उलटी असती तर फार तर बाकाला मागून धक्का लागला असता." तो गल्ल्यावर बोटं वाजवत थांबला. "गंमत आहे बघा. त्यांची गाडी दोन प्रकारे लागते. संध्याकाळी आले तर कायम उलटी, मागचे लाल दिवे माझ्या तोंडावर. सकाळी आले तर नाकासमोर सरळ. मला वाटायचं, माणसाची सकाळची घाई."

मास्तरांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी खोकल्याची बाटली घेतली, कारण काहीतरी घ्यायला हवं होतं.

बाहेर येऊन दोघं नव्या बाकावर बसले. मास्तरच आधी बोलले.

"सकाळी बाई चालवतात."

"हो."

"यांचा हात चालत नाही तोवर त्या, आणि त्यांच्या आठवणीचं… तेही सुरू झालंय." मास्तरांनी बाकाच्या फळीवरून हात फिरवला. "पण मॅडम, नुसता आळ अंगावर घेऊन भागलं असतं की. नापास कशाला व्हायचं? गाडी कशाला देऊन टाकायची?"

"ते मला नाही कळलेलं," मॅडमनी सरळ कबूल केलं.

मास्तरांची बायको शेवटच्या वर्षात गॅस बंद करायला विसरायची. तेव्हा त्यांनी तिला म्हटलं होतं, तू आता स्वयंपाकघरात जाऊ नकोस. बरोबरच होतं ते. पण त्यानंतर ती दारात उभी राहून आत बघायची, तो चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढून गेला नव्हता.

"मला कळलं," ते म्हणाले. "तिला 'तू चालवू नकोस' असं कुणी म्हणायला नको, म्हणून. हे नापास झाले की गाडी आपोआप घरातून जाते. आबांमुळे गेली, म्हातारा बिचारा थकला. तिचा परवाना कपाटात पडून राहतो, तिला काहीच सोडावं लागत नाही. समजलं का? दोघांत कमी व्हायचं होतं एकाला, तर हा स्वतः कमी झाला."

मॅडमनी नाक पुसलं. मग म्हणाल्या, "हे मोठं आहे, मास्तर. पण मला ते खोटं लिहिता येणार नाही. बाईंकडे परवाना आहे, मुलीच्या घरी गाडी आहे. पुढच्या वेळी बाकावरचा माणूस उठलेला नसला तर?"

६

बाईंनी स्वतः दार उघडलं. त्यांनी एकतीस वर्षं गणित शिकवलं होतं आणि उभं राहायची पद्धत अजून फळ्यापुढची होती. घर नीटनेटकं होतं. कपाटांच्या दारांवर आत काय आहे त्याच्या चिठ्ठ्या होत्या, वळणदार अक्षरात. आबा फिरायला गेले होते.

"बसा. तुम्ही परीक्षा घेणाऱ्या ना? मीही घ्यायचे. पोरं शिव्या देतात का तुम्हाला?"

"तोंडावर नाही देत," मॅडम म्हणाल्या.

"मग बरं शिकवता तुम्ही."

मॅडम आढेवेढे घेणाऱ्या नव्हत्या, पण आज त्यांना सुरुवात सापडत नव्हती. शेवटी म्हणाल्या, "बाई, एक उदाहरण अडलंय. उत्तर आलंय, पण बरोबर आहे की नाही ते कळत नाही."

"मांडणी करा."

"एक ड्रायव्हर आहे. सव्वीस चुका करतो, पण एकही अशी नाही की कुणाला इजा होईल. म्हणजे त्या चुका मुद्दाम केलेल्या. दुसरं, तो सर्वांत वाईट वेळ मागून घेतो, जेव्हा त्याचा हात चालत नाही. तिसरं, परीक्षा ठरण्याआधीच गाडी देऊन टाकतो. म्हणजे निकाल त्याने आधीच ठरवलेला आहे. चौथं, परीक्षा संपली असं सांगितल्यावर तो सवयीने गाडी उलटी लावतो. पण अपघाताच्या दिवशी ती सरळ लागली होती. रोज सकाळी ती सरळच लागते." मॅडम थांबल्या. "म्हणून, सकाळी गाडी चालवणारा तो नाही."

मास्तर बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होते. आता या बाई रडतील, की नाकबूल करतील, की काही आठवतच नाही म्हणतील?

"मांडणी चांगली आहे," बाई म्हणाल्या. "दहापैकी नऊ. एक पायरी गाळलीत."

"कुठली?"

"उत्तर मला माहीत आहे, ही."

त्या उठल्या, चिठ्ठी न वाचता बरोबर खण उघडला आणि एक वही काढून मॅडमसमोर धरली. मॅडमनी वाचलं आणि वही मास्तरांकडे दिली. तारीख अपघाताची होती.

'औषधाच्या दुकानावर गाडी मी घातली. ब्रेक कुठला, ते क्षणभर कळेना. बाकावरचा माणूस नुकताच उठला होता. हे म्हणतात, गाडी त्यांनी घातली. इतक्या वेळा म्हणतील की मलाही तसंच वाटायला लागेल. तसं नाही.'

शेवटच्या दोन शब्दांखाली पट्टीने रेघ मारली होती.

"मग बोलला का नाहीत?" मास्तरांच्या तोंडून निघून गेलं.

"बोलणारच होते. पण चाळीस-बेचाळीस वर्षांत कुणी माझ्यासाठी अख्खं दुकान अंगावर घेतलं नव्हतं हो. असं कुणी केलं की लगेच 'राहू द्या' म्हणवत नाही. म्हटलं, दोन दिवस मिरवावं." त्या मिश्कील हसल्या. "मग विसरले. काल वही उघडली तेव्हा परत कळलं. दोनदा लाज वाटली एकाच गोष्टीची."

तेवढ्यात बाहेरच्या दाराची कडी वाजली.

७

आबा आत आले, मॅडमना बघितलं, उघडी वही बघितली आणि दारातच थबकले.

"तिला कुणी सांगितलं?" त्यांचा आवाज चढला. "मॅडम, तुम्हाला परीक्षा माझी घ्यायची होती!"

"मीच सांगितलं मला," बाई म्हणाल्या. "बसा. आणि तो हात खिशात घालू नका, सगळ्यांना माहीत आहे की तो हलतो. सव्वीस चुका केल्यात म्हणे? छत्तीस वर्षं डेपोतल्या नव्या पोरांना सांगत आलात की रेषेच्या आत थांबा."

आबा बसले. मग गोंधळून मॅडमकडे वळले. "सव्वीस? नाही, पंचवीस. मी मोजून केल्या."

मास्तरांना हसू आवरेना. मॅडम मात्र हसल्या नाहीत.

"सव्विसावी तुमची नव्हती, आबा. मोठ्या चौकात डावा सिग्नल द्यायला उशीर झाला. तुम्हाला द्यायचा होता, हात सुटलाच नाही. तेव्हा आरशाची खूण नाही माझ्याकडे. ती एकच चूक खरी, आणि ती गोळी लागू पडायच्या आधीची."

आबांनी आपल्या हाताकडे बघितलं. "हो," ते हळूच म्हणाले. "ती लपवायची राहून गेली."

"पंचवीस चुकांच्या गर्दीत ती एक शोधून काढली यांनी," मास्तर म्हणाले. त्यांना राहवलंच नाही. "सहा वर्षं मी पुढे बसतोय, मला दिसली नव्हती."

मॅडमनी ते कौतुक बाजूला सारलं. "पुन्हा परीक्षा द्यायची, आबा. अकरा वाजता, गोळी घेऊन, आणि प्रामाणिकपणे. जमलं तर सकाळी दहाच्या आत चालवायचं नाही, एवढीच अट घालीन. दुकानाचं खरं काय ते तुम्ही दोघांनी लिहून द्यायचं, मी ते अहवालाला जोडीन. गाडी जावयाकडून परत आणा."

"आणि हिचं?" आबांनी बायकोकडे न बघता विचारलं. एवढ्या उलाढाली केल्या त्या याच एका प्रश्नासाठी, तो कुणी मोठ्याने विचारू नये म्हणून. आणि तो त्यांनाच विचारावा लागला.

उत्तर बाईंनी दिलं. "मी परवाना परत करणार आहे. पण परीक्षा दिल्यावर."

"करायचाच असेल तर परीक्षेची गरज नाही, बाई," मॅडम म्हणाल्या.

"पेपर न देता नापास? एकतीस वर्षांत एका पोराला मी असं करू दिलं नाही."

८

आबा गुरुवारी अकरा वाजता पास झाले. दोन चुका, दोन्ही किरकोळ. शुक्रवारी त्याच वेळेला बाई चाकावर बसल्या. घरच्या माणसाला गाडीत बसू देत नसत, म्हणून आबा आवाराच्या फाटकाशी उभे राहिले.

बाईंनी सीट पुढे घेतली, आरसे लावले, सिग्नल दिला आणि निघाल्या. पहिली वीस मिनिटं मास्तरांना कौतुक वाटत राहिलं. गाडी नेमकी, मापात, जणू रस्त्यावर चौकटी आखल्या आहेत. शाळेजवळ वेग उतरला, चौकात मान दोन्ही बाजूंना वळली. मास्तरांच्या मनात आलं, मॅडम, कदाचित या पास होतील. मॅडमची पेन्सिल मागे जपून चालली होती.

मग पुलाखालचा चौक आला. दिवा हिरवा होता. "सरळ घ्या," मॅडम म्हणाल्या. बाईंनी सरळ घेतली, आणि चौक ओलांडल्यावर त्यांचा वेग कमी कमी होत गेला. त्या रस्त्याकडे बघत होत्या, पण ओळखीच्या नजरेने नाही. हातातल्या चाकाकडे त्यांनी असं बघितलं, की जणू कुणीतरी ते क्षणभर धरायला दिलं होतं आणि तो माणूस परत आलाच नाही. मागून हॉर्न वाजला.

मास्तर सावरून बसले. पण बाईंनी आरसा बघितला. डावा सिग्नल दिला. गाडी कडेला घेतली, थांबवली, इंजिन बंद केलं.

"आपण कुठे निघालो होतो?" त्यांनी विचारलं.

"केंद्रात परत, बाई," मास्तर म्हणाले. "पुढून डावीकडे—"

"नको. सांगू नका. सांगितलं तर जमेल मला. पण दर वेळी सांगायला कोण असणार?" त्यांनी दोन्ही हात मांडीवर घेतले. मग म्हणाल्या, "इथपर्यंत."

त्या उतरल्या, गाडीच्या पुढून चालत मास्तरांच्या बाजूला आल्या आणि काचेवर टकटक केलं. मास्तर उतरले. त्यांनी दार धरून ठेवलं आणि बाई आत बसेपर्यंत ते तसेच उभे राहिले. आपण घरी हे असं करायला हवं होतं, असं त्यांना वाटलं. दार बंद न करता, धरून उभं राहायला हवं होतं.

परत येताना बाईंनी खिडकीची काच खाली केली आणि वाटभर दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत आल्या. एका पाटीवरचं अक्षर वाकडं आहे म्हणून तक्रारही केली.

फाटकाशी आबा तसेच उभे होते. गाडी आली तेव्हा त्यांनी आधी चाकावर कोण आहे ते बघितलं, आणि त्यांचा चेहरा पडला. ते बाईंच्या खिडकीशी आले. विचारू की नको, असं त्यांचं चाललं होतं.

"किती मिळाले?" शेवटी त्यांनी विचारलं.

"पेपर सोपा होता," बाई म्हणाल्या. "पण मीच उठले."

आबांनी मागच्या सीटवरच्या मॅडमकडे बघितलं. मास्तरांनीही आरशात बघितलं. बाई नापास होत्या, मास्तरांना ते स्वच्छ माहीत होतं. आणि या मॅडमनी सहा वर्षांत कुणाचं मन राखायला म्हणून एक शब्द खोटा बोललेला मास्तरांनी ऐकला नव्हता.

मॅडमनी गळ्यातली पेन्सिल कागदावर आडवी ठेवली.

"वेळेवर उठल्या," त्या म्हणाल्या. "मी घेतलेल्या परीक्षांत, एवढ्या वेळेवर उठलेलं दुसरं कुणी नाही."

मास्तरांनी शब्द तपासून बघितले. त्यात खोटं काही नव्हतं.